कोंडलेल्या मोटरी

४ मार्च

मावशी,

सगळं फिरलं ते मंगळवारी सकाळी, तिच्या डोक्याला साबण लागलेला असताना नळानं फुस्स करून नुसती हवा सोडली, त्या क्षणी.

ती कोण ते सांगतो, पण आईला कळवलंस तर आपलं नातं संपलं. आमच्या गल्लीचा चढ संपतो तिथं शेवटचं घर आहे. बाप निवृत्त कंडक्टर. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. त्यांची मोटर जळाली म्हणून दुकानात निरोप आला आणि मालकानं मला पाठवलं. (मी मोटरी बसवतो हे तुला आवडत नाही, ठाऊक आहे. कॉलेज सोडून दीड वर्ष झालं, आता तरी तो विषय मिटव.)

दार तिनंच उघडलं. डोक्यावर फेस, डोळे गच्च मिटलेले. मला बाप समजून म्हणाली, "आणलीत का बादली? द्या इकडे!" आणि माझ्या हातातली पान्यांची पिशवी ओढून घेतली. मी बोललो तेव्हा कळलं तिला. लाजेल असं वाटलं. कसलं काय! मला ओढत मोरीपाशी नेलं, नळ सोडून दाखवला. फुस्स. मागून दोन थेंब आले, तेही गंजाचे. मग एक डोळा किलकिला करून विचारते, "खालच्या मोटरी कोणी बसवल्या?"

"दुकानानं."

"दुकानाला हात असतात का?"

मावशी, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. झोपेत पण तो एक डोळा दिसतो.

तुला आमची गल्ली माहीत आहे. पाणी सकाळी तासभर येतं, खालून वर चढतं. सगळ्यात खाली लॉन्ड्रीवाल्या काकू. त्यांनी अर्ध्या एचपीची मोटर थेट नळाच्या लाइनला लावली. शेजाऱ्यांचं पाणी गेलं म्हणून शेजाऱ्यांनी लावली. मग काकूंनी एकाची आणली. असं करत मोटरी गल्ली चढल्या आणि पाणी गल्ली उतरलं. आता घराघरात घरघर, घराघरात विजेची बिलं, आणि पाणी मात्र कुणालाच पहिल्यापेक्षा जास्त नाही. आमच्या आईला पण नाही. शेवटच्या घराला तर अजिबातच नाही. मोटर जळाली ती कोरडी फिरून फिरून. ओढायला काही असेल तर ओढेल ना!

तू पाण्याच्या त्या मोठ्या समितीवर बसतेस. काय करता तिथं, चहा पिता? मोटर लावायला बंदी आहे म्हणे. आहे की! कोपऱ्यावर पाटी आहे. पाटीच्या बरोबर खाली आमचं दुकान आहे. मालक पाटीच्या खिळ्याला वायरची भेंडोळी अडकवतो.

फोन करू नकोस. फोनवर तू "बाळा, आधी ऐक" म्हणतेस आणि माझं टाळकं सरकतं. लिही.

तुझा भाचा


११ मार्च

प्रिय तोफ,

घरच्यांनी हे नाव तुला उगाच ठेवलेलं नाही, हे तुझ्या पत्रानं पुन्हा एकदा सिद्ध झालं. आईला काही सांगणार नाही. मुलगी हुशार आहे, जपून.

लॉन्ड्रीवाल्या काकूंवर तू विनाकारण भडकला आहेस. त्यांच्या जागी स्वतःला ठेव. बाकीच्यांनी मोटर लावली असेल तर मलाही लावावी लागते, नाहीतर मी कोरडी. बाकीच्यांनी लावली नसेल तर मी लावून माझी चंगळ. म्हणजे कुठूनही बघितलं तरी उत्तर एकच, लाव. एकेक माणूस शहाण्यासारखा वागतो आणि सगळ्यांचा मिळून मूर्खपणा होतो. हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तू त्याच्या आधीच पसार झालास.

समितीत आम्ही चहा पितो हे खरं आहे. शिवाय मी मीटरचा प्रस्ताव मांडते आहे. जितकं ओढाल तितकं भरा, पहिल्या काही बादल्या स्वस्त, पुढे महाग. गरिबांनी काय करायचं, असं तू ओरडशील. आज तरी गरिबाला फुकट मिळतंय का? तिचे वडील टँकरवाल्याला देत असतील ते काय असतं? किंमत असतेच रे. कोण भरतो तिकडे आपण बघत नाही, एवढंच.

आणि बंदीचं म्हणशील तर पाटी ठोकणं सोपं असतं. रोज सकाळी सहाला गल्लीत उभा राहील असा माणूस आमच्याकडे नाही.

गल्लीपुरता विचार केला तर एकच वाट दिसते. सगळ्यांनी एकाच वेळी मोटरी काढायच्या, आणि शब्द मोडणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असायला हवं. पण हे कागदावर. तू त्यात पडू नकोस, लोक डोकं फोडतील. परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो.

तुझी मावशी


२ एप्रिल

मावशी,

फॉर्म गेला खड्ड्यात. आम्ही मोटरी काढल्या!

तुझं पत्र वाचून आधी चिडलो. काकूंची बाजू घेतेस! पण "एकाच वेळी" हे डोक्यात अडकलं. घरोघर गेलो. प्रत्येकाचं एकच पालुपद, आधी त्यांची काढ, मग माझी. काकू तर म्हणाल्या, "अरे, परवापरवा तूच बसवलीस, हमी पण दिलीस, आता तूच काढायला आलास? बसवायचे पैसे घेतलेस, आता काढायचे पण घेतोस का?" मी इतका भडकलो की त्यांच्या इस्त्रीच्या टेबलावर मूठ आपटली. इस्त्री गरम होती, हे नंतर कळलं. हाताला फोड आलेला बघून त्यांनीच मलम लावलं, आणि मलम लावता लावता कबूल झाल्या. बाई वाईट नाहीत. हे तुझ्यामुळे नाही म्हणत, मलमामुळे म्हणतोय.

रविवारी सकाळी प्रत्येक घरात एकेक माणूस पाना घेऊन बसला. कंडक्टरकाकांनी वरच्या कट्ट्यावर उभं राहून त्यांची जुनी शिट्टी फुंकली. डबल बेल दिल्यासारखी! सगळ्यांनी एकदम नट सैल केले. सगळ्या मोटरी आमच्या घराखालच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवल्या. दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली काकूंकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही आणि माझा त्यांच्यावर नाही, म्हणून व्यवस्था एकदम पक्की. आणि ठरलं असं की नवी मोटर ज्याच्याकडे सापडेल त्याची नवीही जाणार आणि कोंडलेलीही विकून गल्लीच्या कामाला लागणार.

सोमवारी पाणी आलं. बारीक, पण वरपर्यंत! तिनं नळाखाली हात धरला आणि ओंजळभर माझ्या तोंडावर मारलं. बाप समोर बसलेला. म्हणाला, "अहो, सुट्टं पाणी नाही का?" कंडक्टर तो कंडक्टरच.

मालकानं मला कामावरून काढलं, अर्थात. धंद्याच्या मुळावर आलास म्हणाला. आता सुटी कामं घेतो, नळ गळती वगैरे. मला काही फरक पडत नाही. आज ती दुकानातून येताना आमच्या पायरीवर बसली होती, तासभर. काचेची पूड तिच्या भुवयांवर असते, पांढरी. मी काही बोललो नाही. तू मला ओळखतेस, मी काही बोललो नाही म्हणजे काय ते समज.

तुझा भाचा


९ एप्रिल

प्रिय तोफ,

मी पत्र दोनदा वाचलं आणि कार्यालयात एकटीच हसले. शिट्टी! मी वीस वर्षं शिकवते आहे, शिट्टी मला सुचली नसती.

राहवलं नाही, म्हणून बुधवारी समितीत तुमच्या गल्लीचं उदाहरण सांगितलं. नाव, पत्ता काही नाही, पण सगळे खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. दोन कुलपांवर तर अध्यक्षांनी टेबल वाजवलं. आमचे एक अभियंता येऊन बघून जातील. त्यांना खोली दाखव, भांडू नकोस.

एक शंका. प्रत्येकाची मोटर कोंडलेली आहे, म्हणजे प्रत्येकाचं काही ना काही अडकलेलं आहे. शेवटच्या घराची तर जळालेली होती. मग त्यांनी काय ठेवलं?

राग मानू नकोस. सवयीनं विचारलं.

तुझी मावशी


२४ एप्रिल

मावशी,

माझं पत्र तू समितीत वाचलंस? माझं?

तो तुझा अभियंता आला. टापटीप शर्ट, हातात फोन. मी वेड्यासारखा त्याला खोली दाखवली, दोन्ही कुलपं उघडून. काकूंनी चहा दिला. तो फोटो काढत होता, "वा, वा" म्हणत होता, आणि मी सांगत होतो की कोपऱ्यावर ते मोठे निळे पाइप येऊन पडलेत ना साहेब, नवीन लाइन पडली की वरच्या घरांना दाबानं मिळेल, आमचं हे तोवरचं आहे. तो म्हणाला, "तुम्ही लोकांनी कमाल केलीत." मला वाटलं, कामाला वेग येणार. गल्लीत सांगत सुटलो, लाइन येतेय म्हणून!

काल ट्रक आला आणि पाइप भरून घेऊन गेला. मी ट्रकच्या पुढं उभा राहिलो. मुकादम म्हणतो, "बाजूला हो रे, वरून आलंय. ह्या गल्लीची गरज भागली म्हणे."

भागली! आम्ही पोटाला चिमटा काढून बारीक धार वाटून घेतली, आणि तुम्ही म्हणालात पोट भरलं! आम्ही भांडत राहिलो असतो, मोटरी लावून एकमेकांच्या नरड्याला लागलो असतो, तर पाइप पडले असते. शहाणपणा केला म्हणून गेले. हे कुठल्या सत्राला शिकवतात, सांग ना! असं असेल तर पुढच्या गल्लीनं का म्हणून शहाणं व्हायचं?

कंडक्टरकाका माझ्याशी बोलत नाहीत. ट्रक वळेपर्यंत कट्ट्यावर उभे होते, नुसते बघत. "तुझ्या मावशीला आमचं गाऱ्हाणं सांगितलंस की आमचं कौतुक?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. ती पायरीवर आली नाही. काल नाही, आज नाही.

आणि तुझी ती शंका. जळालेल्या मोटरवाल्यानं काय ठेवायचं, कपाळ? गल्लीत सर्वांत जास्त सोसलं त्यांनी आणि तू संशय त्यांच्यावर घेतेस! तुमच्या शास्त्रात चांगला माणूस नसतोच का गं?

उत्तर देऊ नकोस.

भाचा


३० एप्रिल

प्रिय तोफ,

उत्तर देते आहे. चिडून का होईना, वाचशील.

पत्र वाचलं नाही, सांगितलं. पण तुला न विचारता सांगितलं, आणि ते चुकलं. तुमच्या पाइपचं काय होईल याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या! हे मी तुला तोंडावर सांगू शकले नसते.

आता जे ऐकून तू पत्र फाडशील ते. पाइप हलवायचा ठराव आला तेव्हा मीही हात वर केला. ते पाइप नदीपलीकडच्या वस्तीत गेले. तिथं नळच नाही, बारीक धार नाही की हवा नाही. पाइप एका ठिकाणापुरतेच होते. तुम्हाला दिले असते तर त्यांना नसते. कुठलीही गोष्ट देताना ती कुणाला द्यायची राहिली हे बघावं लागतं, आणि मी बघितलं. तुला ती मुलगी तेवढी दिसते, मला समितीत तुमची गल्ली आणि ती वस्ती दोन्ही दिसतात. तरी तुझं एक म्हणणं मला झोपू देत नाही. शहाणं वागणाऱ्याचं नुकसान होत असेल तर कोणी शहाणं वागणार नाही. ते मी अगदी तुझ्याच शब्दांत समितीपुढे मांडलं. त्यावर कोणी टेबल वाजवलं नाही.

शास्त्रात चांगला माणूस असतो रे. पण चांगल्या माणसालाही तहान लागते. सांभाळ. सगळ्या मोटरी बंद असताना एकच चालू केली तर ती सगळ्यात जास्त ओढते. मोडायला आजच्याइतका फायद्याचा दिवस गल्लीत कधीच नव्हता.

तुझी मावशी


१९ मे

मावशी,

फाडलं होतं. मग जमिनीवर बसून तुकडे जुळवले आणि पुन्हा वाचलं. नदीपलीकडच्या वस्तीचं वाचून जास्त राग आला, कारण तिथं काय म्हणायचं ते सुचेना.

मागच्या आठवड्यात मधल्या घरांची धार तुटायला लागली. आधी दोन घरं, मग आमचं. आईनं बादली माझ्यापुढे आपटली, "हेच का तुझं समाजकार्य?" काल संध्याकाळी सगळे खोलीपुढे जमले. काकू किल्ली बोटाभोवती फिरवत होत्या. म्हणाल्या, "कोणीतरी चोरून ओढतंय. उद्या पाण्याच्या वेळेत शोध. सापडला तर ठीक. नाही सापडला तर मी माझं कुलूप काढते, ज्यानं त्यानं आपापली मोटर न्यावी आणि जे व्हायचं ते होवो." जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. कोणी म्हणालं काकूच असणार, तर काकू म्हणाल्या, "चल घरात, बघ, पण चप्पल बाहेर काढ, कपडे वाळत घातलेत."

आज सकाळी पाणी आल्यावर गल्ली चढायला लागलो. घराबाहेरून जाणाऱ्या प्रत्येक पाइपवर तळवा ठेवत. चालू मोटरची थरथर पाइपात लांबपर्यंत येते, ती लपवता येत नाही. काकूंचा पाइप शांत. पुढचा शांत. आमचा शांत. अर्ध्या चढावर हाताला बारीक मुंग्या आल्यासारखं वाटलं. वर वर जाईन तसं वाढत गेलं. मी मधल्या दोन घरांना उगाच जास्त वेळ लावला, मावशी. पाइपला कान लावून बसलो. इथंच असू दे, इथंच असू दे, असं मनात. शेवटच्या घराच्या पाइपनं तळवा झणझणला.

दार लोटलेलं होतं. मोरीत जुन्या रजईखाली मोटर. आवाज येऊ नये म्हणून वर उशा. दोन पिंपं काठोकाठ. काका खुर्चीत. ती उभी, डोकं धुतलेलं, केस ओले.

"एकाची आहे," मी म्हणालो.

"दीडची," ती म्हणाली. "तुझ्या मालकानं सवलतीत दिली."

"बसवली कोणी?"

"मी. दिवसभर काचा घासते, चार नट मला जमत नाहीत का?"

काका म्हणाले, "आवाज चढवू नकोस रे. तीस वर्षं मी गाडीत ओरडलो, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. कोणी सरकलं? पाइप होते तोवर मी गप्प होतो. आज ना उद्या येईल म्हणत होतो. तुम्ही मोटरी कोंडल्यात, टाळ्या मिळवल्यात, आणि माझे पाइप गेले. आता कशाच्या आशेवर बारीक धारेखाली बसू?"

"पण काका, मधल्यांचं पाणी तुटलंय! आईचं तुटलंय!"

"चार वर्षं आमचं तुटलेलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा खालून कोण आलं मोटर काढायला?"

"मी आलो!"

"तू माझ्यासाठी आलास. शेवटच्या घरात मी नसते, नुसते बाबा असते, तर आला असतास?"

मावशी, तोफ म्हणतेस ना मला? डागू कुणावर? तिचं खरं होतं म्हणून राग आला. काकांचं खरं होतं म्हणून राग आला. खाली काकू किल्ली घेऊन उभ्या होत्या, त्यांचंही खरं होतं. सगळे खरे, आणि पाणी तेवढंच! असं वाटलं की रजईसकट सगळं उचलून तुमच्या समितीच्या टेबलावर नेऊन आपटावं.

मी मोटर बंद केली. घरघर थांबल्यावर इतकं शांत झालं की तिच्या केसांतून टपकणारं पाणी ऐकू आलं. पिशवीतून पाना काढला.

"काढलीस तर ह्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस," ती म्हणाली. ओरडून नाही. साधं, भाव सांगितल्यासारखं.

मी नट सैल केला. तिनं बसवलेला होता, चांगला घट्ट, टेप नीट गुंडाळलेली. पाणी हातावर, पँटवर, सगळीकडे उडालं. काका उठले आणि पुन्हा बसले. मी पाइप सरळ जोडला, नळ सोडला. पहिल्यांदा हवा. मी वाट बघितली. मग आली, बारीक, करंगळीएवढी धार. भरलेल्या पिंपातून बादलीभर काढून मी तिच्या पायाशी सरकवली, निदान आजचं तरी असू दे म्हणून. तिनं ती पायानं परत लोटली.

"आता खाली जाऊन नाव सांगणार?" तिनं विचारलं.

"सांगायची काय गरज आहे? मोटर घेऊन भरदिवसा गल्ली उतरणार आहे. डोळे आहेत लोकांना."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळे उघडे होते, कोरडे. मला वाटलं होतं ती रडेल, आणि ती रडली असती तर मी मोटर तिथंच ठेवली असती, हे तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

रडली नाही. दीडची मोटर जड असते, पाण्यानं भरलेली तर फारच. मी ती पोटाशी धरून उचलली, ओली, अजून गरम. उंबऱ्याबाहेर आलो. हात मोकळे नव्हते, म्हणून पायानंच दार ओढलं आणि लावलं.